गिळता येईल असा डोंगर

आमच्या जेवणाच्या टेबलावर पंचवीस दिवस एक डोंगर उभा होता आणि त्याच्या पोटात आमचा प्रेशर कुकर होता. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, आम्ही शेवटी कुकर काढला. मधल्या काळात घरातले बटाटे उघड्या पातेल्यात शिजले, म्हणजे शिजले असं आम्ही एकमेकांना सांगितलं. जेवलो मात्र जमिनीवर बसून, डोंगराच्या पायथ्याशी, गिर्यारोहक बसतात तसे.

सुरुवात झाली तीन तारखेच्या एका फोनाने. मी ज्या स्टुडिओत सात वर्षं काम करत होते, तो चालवणाऱ्या बाईंचा फोन. आमचं काम म्हणजे बाहुल्या हलवून सिनेमा काढणं, स्टॉप-मोशन. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा. परत केसभर हलवायची, परत फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद होतो. बाहुल्या दुसरे करायचे, मी त्यांच्यासाठी जग करायचे: घरं, गल्ल्या, टेकड्या, बोटभर उंचीचे दिव्याचे खांब. एकदा मी एका कावळ्यासाठी अख्खं सरकारी कार्यालय केलं होतं, फायलींसकट.

बाई म्हणाल्या, लहान मुलांसाठी तेरा भागांची नवी मालिका येतेय, सेट करणारं माणूस हवंय. माझ्या जागी जी नवी मुलगी घेतली आहे तिचं काम नीटनेटकं असतं. पण मी जुनी, म्हणून दोघींनाही एकच परीक्षा. चाळीस सेकंदांची फिल्म, एक डोंगर, एक पोस्टमन, वरच्या घरात एक पत्र. अठ्ठावीस तारखेपर्यंत. जिची फिल्म पसंत पडेल तिला मालिका आणि अर्थातच खुर्ची.

खुर्ची म्हणजे काही सत्तेची नव्हे. तिचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी घातलेली होती. पण त्या खुर्चीत बसले की लोक मला विचारायचे, झाड कुठे लावू? घरी मी ढब्बूची आई असते. हे पद वरचं आहे, मान्य. पण गेल्या चौदा महिन्यांत झाडांबद्दल माझं मत काय, हे मला एका माणसाने विचारलेलं नाही.

फोनच्या शेवटी बाईंनी विचारलं, वेळ मिळतो ना तुला, दिवसभर मोकळी असतेस ना? त्या वेळी ढब्बू माझ्या वेणीला लोंबकळत होती आणि तिच्या तोंडात माझी चप्पल होती. मी म्हणाले, "हो बाई, दिवसभर मोकळीच असते."

खरं सांगायचं तर मी दुपारी दीड ते तीन मोकळी असते. ढब्बू झोपली तर. आणि शेजारच्यांनी खिळा ठोकायला घेतला नाही तर.

घरात टेबल एकच. त्यावर डोंगर करायचा म्हणजे सासूबाईंची परवानगी हवी. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) तीस वर्षं बालरुग्णांच्या वॉर्डात नर्स होत्या. मुलांच्या नाकातून, घशातून आणि एकदा कानातून त्यांनी जे जे बाहेर पडताना पाहिलंय त्यावर छोटंसं दुकान चाललं असतं. मी त्यांना सामानाची यादी दाखवली: थर्माकोल, तार, गोंद, तैलरंग, वाळू, स्पंज. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि रुग्णाच्या आहाराच्या कागदावर फुल्या मारतात तशा एकेका ओळीवर फुल्या मारत गेल्या. शेवटी यादीत फक्त "पोस्टमन" उरला. मग त्यांनी विचारलं, पोस्टमन कशाचा? मी म्हटलं, रबराचा. त्यावरही फुली पडली.

"टेबलावर तुला काय हवं ते कर," त्या म्हणाल्या. "पण जे ठेवशील ते तिनं गिळलं तरी मला धावपळ करावी लागता कामा नये."

मी यादीची घडी केली. त्याच आठवड्यात ढब्बूने वीजबिलाचा एक कोपरा खाल्ला होता, नेमका देय तारखेचा.

आता, जगातल्या कुठल्याही सेट करणाऱ्या बाईला असं सांगा की बाई गं, तुझा डोंगर खाण्याजोगा हवा, ती तुमच्या अंगावर ट्रायपॉड फेकेल. पण आईंची एक गोष्ट आहे. त्या नुसतं नाही म्हणत नाहीत. नाही म्हणून झालं की ओट्याशी जाऊन डबे उघडायला लागतात. वाळू म्हणजे रवा, त्या म्हणाल्या. माती म्हणजे वापरून वाळवलेली चहापत्ती. गोंद म्हणजे मैद्याची खळ. झुडपांना कोथिंबीर वाळव. घर बिस्किटांचं होईल, साखरेच्या पाकाने चिकटव. आणि रस्त्यावरच्या खडीला मोहरी घे, गोल असते, बारीक असते, मोजून तुझ्या पोस्टमनच्या मुठीएवढी.

मी मोहरी तळहातावर घेऊन पाहिली. खरोखर, इतकी सुंदर खडी मी स्टुडिओत सात वर्षांत केली नव्हती. राईचा पर्वत करणं ही म्हण ज्याने केली त्याच्या घरी चौदा महिन्यांचं मूल असणार.

मग मधे कुकर, उजवीकडे उपडी कढई, डावीकडे चाळण आणि या पर्वतरांगेवर खळीत बुडवलेले शिळ्या पावाचे तुकडे थापत आम्ही दोघींनी डोंगर उभा केला. पोस्टमन आईंनी केला. आतून तार नसल्यामुळे त्याचे पाय वाकवता येणार नव्हते, म्हणून युक्ती अशी की पोस्टमन एक नाही, आठ. प्रत्येकाचं पाऊल थोडं पुढचं. एक उचलायचा, दुसरा ठेवायचा, फोटो काढायचा, की पडद्यावर तो चालतो. आईंनी खारी कणीक मळून आठ भाऊ केले, भट्टीत भाजले आणि त्यांच्या तळव्यांवर कॉफीने आकडे घातले. आठही जणांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, पगार उशिरा झाल्यासारखा. ते फ्रिजच्या डोक्यावर रांगेत उभे राहायचे.

इथपर्यंत सगळं माझ्या ताब्यात होतं. मग पूलवाले काका आले.

पूलवाले काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी सरकारसाठी पूल बांधले आणि निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या पुलांकडे संशयाने बघत हिंडतात. ते वर्तमानपत्र मागायला आले आणि त्यांना माझ्या ओढ्यावरचा बिस्किटांचा पूल दिसला. हा पास कोणी केला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काका, कोणी नाही. त्यांनी ओट्यावरची एक किलो मिठाची पिशवी आणून पुलावर ठेवली. पूल पडला. दुसऱ्याचा पूल पडताना पाहून जे समाधान मिळतं ते त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं. मी सांगितलं की माझ्या पोस्टमनचं वजन बारा ग्रॅम आहे.

"आज पोस्टमन आहे," काका म्हणाले. "उद्या कोणी ट्रक घालेल. तेव्हा लोक मला विचारतील, तुम्ही खाली राहत असताना तिथं जाऊन बघितलं कसं नाही." ते वर राहतात, पण काळजीत माणूस खाली-वर होतो.

त्यानंतर तीन दिवस ते बरोबर दीड वाजता पट्टी आणि कोनमापक घेऊन हजर. त्यांनी बिस्किटं तासून कमान केली. कमान देखणी झाली, हे मला कबूल करायलाच हवं. तिच्यावर नंतर मिठाच्या दोन पिशव्या राहिल्या. पण माझ्या दीड तासातला तास जात होता गुरुत्वमध्याच्या व्याख्यानात, आणि तेही कुजबुजत, कारण आतल्या खोलीत ढब्बू. कुजबुजत सांगितलेला गुरुत्वमध्य फार भीतिदायक वाटतो.

आणि काका लिफ्टमध्ये बोलले. चौथ्या मजल्यावर डोंगराचं काम जोरात चालू आहे, मी स्वतः लक्ष घालतोय, असं. लिफ्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी होते.

दुसऱ्या दिवशी दाराला कागद. "आपल्या सदनिकेत विनापरवाना भरावाचे काम सुरू असल्याचे समजते. तरी काम त्वरित थांबवून कार्यालयात खुलासा करावा." मी ढब्बूला कडेवर घेऊन खुलासा करायला गेले. सेक्रेटरींचा स्वभाव वाईट नाही, पण त्यांना फॉर्म दिसला की माणूस दिसेनासा होतो. फॉर्ममध्ये रकाना होता: कामाचे स्वरूप. फरशी, नळकाम, खिडकीची जाळी, इतर. मी "इतर" वर खूण केली आणि पुढे लिहिलं: डोंगर. सेक्रेटरी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, वहिनी, तात्पुरता की कायमस्वरूपी?

उंची विचारली, सांगितली: दोन फूट चार इंच. बरोबर आलेले पूलवाले काका म्हणाले, टेबलापासून म्हण, नाहीतर हे जमिनीपासून धरतील. खालच्या मजल्याचं ना हरकत पत्र हवं होतं. खालचे गृहस्थ सही करायला तयार होईनात. डोंगर म्हटला की झरे आलेच, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या न्हाणीघराचं छत आधीच ओलं. काकांनी त्यांना लेखी दिलं की सदर डोंगर कोरडा आणि भूकंपरोधक आहे. यात तीन दिवस गेले. तारीख झाली पंधरा.

परवानगी अखेर मिळाली. खाली एक अट होती: दुपारी एक ते चार विश्रांतीची वेळ असल्याने कोणतेही काम करू नये.

मी तिथेच बाकावर बसले. माझ्याकडे दिवसाचे दीडच तास होते आणि ते कायद्याने नेमके त्याच पेटीत बंद केले होते. मी सांगून पाहिलं की आमच्या कामाचा आवाज विश्रांती घेणाऱ्या माणसापेक्षा कमी असतो. सेक्रेटरी म्हणाले, पाहणी करावी लागेल.

सोळा तारखेला ते पाहणीला आले. चित्रीकरणाचा पहिला दिवस. मी पडदे ओढले, दिवे लावले, ढब्बू झोपल्याची खात्री केली आणि त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. त्यांच्या मांडीवर वही. मी पहिला पोस्टमन उचलला, दुसरा ठेवला, मागे सरले, श्वास रोखला, फोटो काढला. दुसरा उचलला, तिसरा ठेवला. अकराव्या फोटोला सेक्रेटरींची मान कलली. चौदाव्याला ते घोरायला लागले, आणि असे की डोंगरावरची कोथिंबीर थरथरली. आत ढब्बू उठली. दिवस संपला. त्यांनी जागे होऊन घड्याळ पाहिलं आणि वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, आवाज आढळला नाही.

असो. दुपारची परवानगी तर मिळाली.

मग आमच्या घरात एक विचित्र जीवन सुरू झालं. दीड वाजता आई दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या, म्हणजे कोणी घंटी वाजवणार नाही. आत मी. दीड तासात छत्तीस फोटो, म्हणजे तीन सेकंद. या कामात एक गोष्ट सोडून बाकी सगळं थांबलेलं असावं लागतं. चालायचं ते पोस्टमनने, इतर कोणीही जागचं हलायचं नाही. टेबलाला धक्का लागला की पडद्यावर भूकंप. माझा नवरा एका शनिवारी पांढरा सदरा घालून पाणी प्यायला आला आणि गेला, तर फिल्ममध्ये नवव्या सेकंदाला डोंगरावर वीज चमकते. त्याला मी सांगितलं की तू घरात काळे कपडे घाल. तो घालतो म्हणाला आणि जाता जाता त्याने घराच्या छपराचं अर्धं बिस्कीट खाल्लं. "अगं, मला वाटलं खाण्यासाठीच आहे," तो म्हणाला. यात त्याचं काय चुकलं, हे मी त्याला आजतागायत समजावू शकलेले नाही.

एका रविवारी मात्र त्याने ढब्बूला दोन तास बाहेर फिरवून आणलं आणि मला एका दिवसात सहा सेकंद मिळाले. छपराची भरपाई झाली असं मी जाहीर केलं.

अठरा तारखेला मुंग्या आल्या. साहजिक आहे. तुम्ही पाव, साखर आणि बिस्किटांचा दोन फूट चार इंच उंचीचा ढीग करून त्यावर दिव्यांची ऊब धरलीत तर मुंग्यांनी तरी काय करावं? पण मला त्या दिसल्याच नाहीत. त्या दिसल्या फोटो एकापुढे एक लावून पाहिल्यावर. पोस्टमन शांतपणे चालतोय आणि त्याच्या मागच्या उतारावर काळे ठिपके इकडून तिकडे उड्या मारताहेत, जणू डोंगरावर दगडफेक चालू आहे. शिवाय डाव्या कोपऱ्यातलं एक झुडूप आपणहून चालत फ्रेमच्या बाहेर गेलं होतं. आईंनी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. त्या वाट्यांपैकी एकीत बसून ढब्बूने कपडे भिजवले, तो तपशील मी सोडते.

मुंग्या गेल्या, पण मुंग्या हे तर नुसतं केळवण होतं. घरचं कार्य पुढेच होतं.

बावीस तारखेला मी सगळ्या फोटोंची फिल्म लावून पाहिली. पहिल्या सेकंदाला रस्ता कोरडा, खडीचा, अगदी मला हवा तसा. आठव्या सेकंदाला खडी जरा उचललेली. बाराव्या सेकंदाला खडी चुळबुळ करत होती. अठराव्या सेकंदाला पोस्टमनच्या मागे रस्त्यातून पांढरी टोकं वर येत होती, आणि एकविसाव्या सेकंदाला रस्ता हिरवा. मोहरी उगवली होती.

उगवणार नाही तर काय? खाली आतपर्यंत ओला पाव, वर रोज खळ पक्की बसावी म्हणून माझीच पिचकारी, आणि शेकायला दिवे. इतकी काळजी मी गॅलरीतल्या गुलाबाची कधी घेतली नव्हती. तो म्हणून गेला. रोज केसभर केसभर वाढणारी गोष्ट रोज बघणाऱ्याला दिसत नाही. ढब्बूचे झबले मला असेच एका सकाळी अचानक तोकडे वाटले होते.

आता सगळे अंकुर उपटावेत तर पुढच्या फोटोत रस्ता एकदम टक्कल पडल्यासारखा. पहिल्यापासून करावं तर उरलेले दिवस सहा. आई बघायला आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, छान जोमदार आलीय गं. मी रडायच्या बेतात होते आणि त्यांनी बोटाने एक अंकुर सरळ केला. म्हणून मग मी ठरवलं की असू दे. पोस्टमन पुढे चालला आहे, रस्ता मागे उगवतो आहे, कोणी विचारलं तर सांगू सुपीक जमीन आहे.

पण चोवीस तारखेला ढब्बूने पाच नंबरचा पोस्टमन खाल्ला.

कसा, ते नीट कळलेलं नाही. आठ भाऊ फ्रिजवरून खाली काढून मी टेबलाच्या कडेला ठेवले होते, फक्त दिवा लावण्यापुरती पाठ वळवली होती. ढब्बू झोपलेली असायला हवी होती. वळून बघते तर ती टेबलाला धरून उभी आणि तिच्या ओठातून एक पाय बाहेर, पत्राच्या पिशवीसकट. पायाच्या तळव्यावर पाच. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उरलेला पायही आत घेतला. मग हसली. चार दात, आणि चारही दातांत पोस्टमन.

मी मटकन खाली बसले आणि रडले. मोठ्याने. एवढी मोठी घोडी झालेली बाई जमिनीवर बसून एका कणकेच्या पायासाठी रडतेय, हे मलाही दिसत होतं. आई धावत आत आल्या. त्यांनी आधी ढब्बूचं तोंड उघडून पाहिलं, मग पाठीवरून हात फिरवला, ती ठीक आहे अशी खात्री करून घेतली. मग त्यांनी माझ्याही पाठीवरून तसाच हात फिरवला, त्याच क्रमाने, म्हणजे मीही काही गिळलं असेन तर तेही खाली उतरावं.

नवा पाचवा त्यांनी लगेच केला. भट्टीत तो जरा जास्त राहिला. काळाठिक्कर निघाला. तो रांगेत घातला तर पोस्टमन दर आठ पावलांत एकदा उन्हाने करपून परत गोरा होत होता. तो काढून टाकला तर दर आठ पावलांत एकदा लंगडत होता. आम्ही दोघींनी दोन्ही करून पाहिलं. आई म्हणाल्या, लंगडा बरा, चढावर लंगडणं साहजिक दिसतं.

एक दुपार ढब्बूच्या पाचव्या दाताने नेली. त्या दुपारी ती मिनिटभरही झोपली नाही आणि मी तिला खांद्यावर घेऊन डोंगराभोवती फेऱ्या मारत होते. ती बोट दाखवून दर फेरीला एकेका पोस्टमनला काहीतरी सांगत होती. बहुधा धमकी.

अठ्ठावीस तारखेला दुपारी तीन वाजता आत हालचाल झाली तेव्हा माझ्याकडे छत्तीस सेकंद होते. चार कमी. पोस्टमन घराच्या दारापासून बोटभर अंतरावर, हात पुढे केलेला, हातात पत्र. पत्र पोचलं नव्हतं. घराला अर्धं छप्पर होतं. त्याच्यामागे ज्या डोंगरावर तो चढला तिथे दगड उड्या मारत होते, एक झुडूप निघून गेलं होतं, मधेच वीज चमकत होती आणि रस्त्याचं शेत झालेलं होतं. एवढं सगळं अंगावर घेऊन तो शेवटचा चढ दर आठ पावलांत एकदा लंगडत वर आला होता. मी ते बाईंना पाठवून दिलं.

दोन दिवस काही नाही. मी कुकर काढला, घासला, त्यात बटाटे लावले. डोंगराचे तुकडे गॅलरीत पाखरांसाठी ठेवले. नव्या मुलीचा डोंगर कसा असेल याची मी कल्पना करत होते. नीटनेटका असणार. हलायला नको ते त्यात अजिबात हलत नसणार. मला ती खुर्ची दिसायची, तिचा आखूड पाय, आणि पुठ्ठ्याची घडी काढून कोणीतरी तिथे नवा खिळा ठोकलेला. आई दोन्ही दिवस दुपारी दीडला सवयीने खुर्ची घेऊन दाराबाहेर जाऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी पावणेतीनला फोन वाजला. ढब्बू झोपलेली. मी फोन घेऊन ओट्याखाली, डब्यांच्या कपाटाशी बसले.

बाई म्हणाल्या की फिल्म त्यांनी चार वेळा पाहिली. मग म्हणाल्या, "ते रस्त्यात उगवतं, ते मुद्दाम केलंयस का?"

मुद्दाम, असं म्हणायला जीभ तयार होती. सात वर्षांत मी शिकलेली पहिली गोष्ट तीच होती, की चूक झाली तर ती शैली आहे असं सांगायचं. पण समोर फ्रिजवर करपलेला पाचवा पोस्टमन उभा होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थाप मारवेना.

"नाही बाई. चूक झाली."

"पुन्हा करता येईल?"

"थांबवता येत नाहीये, बाई. गॅलरीत अजून उगवतंय."

पलीकडून बाईंचा एक आवाज आला, तो खोकला होता की हसू ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या की नव्या मुलीचा डोंगर सुबक आहे आणि पोस्टमन वेळेवर पोचतो. तिची फिल्म संपल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही. माझी संपल्यावर सगळे विचारायला लागले की पत्र पोचलं का आणि त्यात काय होतं. मालिका माझ्याकडे द्यायची त्यांची इच्छा आहे. पण चार सेकंद कमी का, हे त्यांना कळायला हवं. दिवसभर मोकळी असताना चार सेकंद कमी?

आता पुढचे तेरा भाग हे एकच खोटं रोज दीड वाजता नव्याने बोलायचं, की आत्ता एकदाच खरं बोलून खुर्ची घालवायची, असा प्रश्न होता. मी डोळे मिटले.

"बाई, मी दिवसभर मोकळी नसते. दीड ते तीन असते. मुलगी झोपली तर. ती झोपली नाही तर त्या दिवशी सिनेमा नाही. आणि डोंगरावर तिला गिळता येणार नाही असं मी काही ठेवू शकत नाही, म्हणून तुमचा पोस्टमन लंगडतो. पाचवा तिनं खाल्ला."

मी मनातल्या मनात खुर्चीचा निरोप घेतला, आखूड पायासकट.

"दीड तासात किती होतात?" बाईंनी विचारलं.

"तीन सेकंद."

"आमच्याकडे," बाई म्हणाल्या, "सहा माणसं दहा तास बसतात. चहा होतो, मीटिंग होते, कोणीतरी टेबलाला धडकतं. दिवसाचे चार सेकंद होतात, त्यातला एक मी रोज फेकते." वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "दीड ते तीन, मग. सोमवारपासून. घरीच कर. आणि पाचवा परत करू नकोस, लंगडू दे त्याला."

मी आभार मानले की नाही ते आठवत नाही. फोन ठेवून बाहेर गेले तर आई दारात खुर्चीवर, घंटीच्या बटणावर हात धरून बसलेल्या, कोणी चुकून दाबू नये म्हणून. त्यांना मी खुणेनेच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, हात मात्र बटणावरून काढला नाही, कारण तीन वाजायला अजून दहा मिनिटं होती.

दहा मिनिटं म्हणजे आमच्या हिशेबाने पोस्टमनची तीन-चार पावलं. पण टेबल रिकामं होतं, डोंगर गॅलरीत पाखरांकडे होता, करायला काही नव्हतं. मी आत गेले. ढब्बू पालथी झोपली होती, एक गाल उशीत दाबलेला, तोंड किंचित उघडं. मी तिच्याशेजारी हळूच आडवी झाले आणि बघत राहिले. तिची पाठ वर यायची, खाली जायची. केसभर. परत केसभर. फोटो मी एकही काढला नाही.